समुद्रसपाटी सपाट नसते

रेल्वे स्थानकाच्या फलाटावर दोन्ही टोकांना पिवळी पाटी असते. तिच्यावर गावाचे नाव ठळक अक्षरांत, आणि त्याखाली बारीक अक्षरांत गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाने ती ओळ शंभरदा वाचलेली असते. पण ही समुद्रसपाटी नेमकी कुठे आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपल्या भाषेने एक शब्द घडवला आणि त्या शब्दातच निकाल देऊन टाकला : डोंगर उंच, दऱ्या खोल आणि समुद्र सपाट. किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजाकडे पाहिले तर डोळेही तीच साक्ष देतात. लाटा येतात-जातात, भरती चढते, ओहोटी लागते. पण एवढे सगळे हिशेबातून वजा केले की उरणारे पाणी परातीतल्या पाण्यासारखे सपाटच असणार, असे आपण धरून चालतो.

तसे ते नसते. समुद्रालाही चढ-उतार आहेत, टेकड्या आहेत, खळगे आहेत. त्यातले काही कायमचे आहेत, तर काही पाहुण्यासारखे येतात, काही महिने राहतात आणि विरून जातात. ते इतके पसरट असतात की जहाजावरच्या माणसाला त्यांचा पत्ता लागत नाही. ते पाहायला शेकडो किलोमीटर वर, अवकाशात जावे लागते. हे पाण्याचे पाहुणे कसे ओळखतात, आणि त्यांची दखल घेतली नाही तर किनाऱ्यावरच्या माणसांना काय किंमत द्यावी लागू शकते, हे आज सांगायचे आहे.

आधी कायमच्या चढ-उतारांचा विषय संपवू. पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सगळीकडे सारखे वाटलेले नाही. जिथे ते जास्त आहे तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त, आणि पाणी तिकडे ओढले जाऊन साचते. समुद्राच्या तळाशी मोठा पर्वत असेल तर त्याच्या माथ्यावरचे पाणीही काही मीटर फुगलेले असते. याच्या उलट प्रकार आपल्या शेजारी आहे. भारताच्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या खालच्या अंगाला, हिंदी महासागराची पातळी पृथ्वीच्या गणिती आकाराच्या तुलनेत सुमारे १०६ मीटर खाली आहे. जगातला हा सर्वांत खोल असा पाण्याचा खळगा. त्यावरून रोज शेकडो जहाजे ये-जा करतात, पण ना कोणी उताराला लागते, ना कोणाला चढ लागतो. कारण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग समतलच आहे. तिथे पाण्याला वाहून जायला कारणच नाही.

आपला विषय आहे तो बदलत्या चढ-उतारांचा. ही सेंटिमीटरची गोष्ट आहे. पुणे-मुंबई अंतराएवढ्या, किंवा त्याहून मोठ्या पसाऱ्यात पाणी मध्यभागी वीतभर फुगलेले असते, किंवा वीतभर खचलेले असते. अशा प्रत्येक फुगवट्याभोवती आणि खळग्याभोवती पाणी गोल फिरत असते. हाच समुद्रातला भोवरा.

भोवरा म्हटले की आपल्या मनात एक चित्र उभे राहते. नदीच्या डोहात गरगरणारे पाणी, मध्ये पडलेले भोक, आणि त्यात सापडलेली होडी. कवितेत आणि गोष्टींत भोवरा नेहमी गिळायलाच आलेला असतो. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने तर १८४१ साली नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या भोवऱ्यावर थरकाप उडवणारी कथाच लिहिली. महासागरातले मोठे भोवरे मात्र होड्या गिळत नाहीत. त्यांच्यामध्ये भोक नसते. बहुतेकांमधले पाणी माणसाच्या सावकाश चालण्याच्या वेगाने फिरते. तुम्ही त्याच्या एका काठाने शिरून दुसऱ्या काठाने बाहेर पडाल आणि जहाजाचा मार्ग थोडा भरकटला, यापलीकडे काही कळणार नाही. पण हे फिरणारे पाणी कित्येकदा हजार मीटर खोलीपर्यंत जाते आणि महिनोन् महिने फिरत राहते.

पाणी गोल का फिरते? उंचवट्यावरचे पाणी उताराने खाली यायला निघते. पृथ्वी स्थिर असती तर ते सरळ खाली आले असते आणि दोन दिवसांत उंचवटा मोडून गेला असता. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे. त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला सतत उजवीकडे वळण मिळते. याला कोरिऑलिस प्रभाव म्हणतात. पाणी खाली यायला निघते, उजवीकडे वळते, पुन्हा निघते, पुन्हा वळते; आणि शेवटी उतरण्याऐवजी उंचवट्याला प्रदक्षिणा घालू लागते. उंचवट्याभोवतीची ही प्रदक्षिणा आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते, खळग्याभोवतीची उलट दिशेने. दक्षिण गोलार्धात दोन्ही दिशा बदलतात.

यातून एक उपयोगाची गोष्ट हाती येते. पाण्याचा उतार कळला की प्रवाहाचा वेग गणिताने काढता येतो. मुंबईच्या अक्षांशावर शंभर किलोमीटरमध्ये वीस सेंटिमीटरचा उतार असेल, तर पाणी ताशी साधारण दीड किलोमीटर वेगाने वाहत असणार. म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाची उंची नीट मोजली तर पाण्यात काही न टाकता, एकही जहाज न पाठवता, प्रवाहांचा नकाशा काढता येईल. अडचण एवढीच, की किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची कशी? मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक यंत्र आहे. पण ते पडले किनाऱ्यावर. भर समुद्रात पट्टी कुठे रोवणार?

जहाजांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९७० साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अटलांटिक महासागराच्या एका तुकड्यात जहाजे आणि प्रवाहमापक यंत्रे घेऊन महिनोन् महिने तळ ठोकला. १९७३ साली बर्म्युडाच्या नैर्ऋत्येला तसाच दुसरा प्रयोग झाला. दोन्ही वेळा दिसले, की जिथे संथ आणि एकसारखा प्रवाह असेल असे वाटले होते तिथे पाणी मोठमोठ्या भोवऱ्यांनी ढवळून निघते आहे. समुद्रातल्या हालचालींच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या भोवऱ्यांकडे आहे, हे तेव्हापासून ध्यानात येऊ लागले. पण सगळ्या महासागरांवर असे तळ ठोकायला जगातली जहाजे पुरली नसती.

मग वरून मोजण्याची कल्पना पुढे आली. कल्पना साधी आहे. विहिरीत दगड टाकून आवाज यायला किती वेळ लागतो यावरून खोलीचा अंदाज करतात, तशीच. उपग्रहावरचे रडार सरळ खाली समुद्राकडे सूक्ष्मलहरींचे स्पंद पाठवते, दर सेकंदाला हजारांवर. ते पाण्यावर आपटून परततात. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की उपग्रह आणि पाणी यांमधले अंतर कळते. उपग्रह स्वतः किती उंचीवर आहे हे वेगळ्या मार्गाने काढतात. एकातून दुसरे वजा केले की पाण्याची उंची मिळते. या यंत्राला अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक म्हणतात.

कल्पना साधी असली तरी मोजमाप जिकिरीचे आहे. उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवर असेल तर स्पंद सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच परत येतो. त्यात एका सेंटिमीटरचा फरक ओळखायचा, तर सेकंदाचे पंधराशे कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचा हिशेब ठेवावा लागतो. शिवाय वाटेत हवा आहे, आणि ती लहरीचा वेग किंचित कमी करते. कोरड्या हवेमुळेच अंतर दोन मीटरपेक्षा जास्त वाढल्यासारखे दिसते. हवेतल्या बाष्पाची भर वेगळी, वरच्या विद्युतभारित थराची वेगळी. बाष्प मोजायला उपग्रहावर आणखी एक यंत्र लागते. मग भरती-ओहोटी वजा करायची. हवेचा दाबही पाहायचा, कारण दाब एक मिलिबारने कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येते. मीटरमीटरच्या या वजाबाक्या चोख केल्या तरच शेवटी आपले चार-दोन सेंटिमीटर हाती लागतात.

आणि तो कायमचा चढ-उतार? १०६ मीटरच्या खळग्यात दहा सेंटिमीटरचा भोवरा कसा ओळखायचा? त्यावरचा उपाय घरगुती आहे. आपण मुलाची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतो. चौकट गावाच्या रस्त्यापासून किती उंचावर आहे, याची चौकशी कोणी करत नाही. दरवेळी तीच चौकट असली म्हणजे झाले. उपग्रहही ठरावीक दिवसांनी नेमक्या त्याच वाटेवरून परत येतो. प्रत्येक ठिकाणची अनेक वर्षांची सरासरी काढायची आणि आजच्या उंचीतून ती वजा करायची. गुरुत्वाकर्षणाचे डोंगर आणि खळगे त्या सरासरीतच राहतात, आणि बाकी उरतो तो आजचा फुगवटा.

१९७८ साली अमेरिकेने सीसॅट हा उपग्रह सोडला. साडेतीन महिन्यांत त्याच्या वीजयंत्रणेत बिघाड होऊन तो बंद पडला, पण तेवढ्यात हे काम होऊ शकते हे त्याने दाखवून दिले. खरी सुरुवात झाली ऑगस्ट १९९२ मध्ये, अमेरिका आणि फ्रान्स यांच्या टोपेक्स-पोसायडन या उपग्रहाने. तीन ते पाच वर्षे चालेल अशा अपेक्षेने सोडलेला हा उपग्रह तेरा वर्षे चालला. दर दहा दिवसांनी तो जवळजवळ सगळ्या महासागरांवरून त्याच वाटांनी फिरून येई. पण विषुववृत्तावर त्याच्या दोन वाटांमध्ये तीनशे किलोमीटरचे अंतर पडे, आणि दीड-दोनशे किलोमीटरचा भोवरा त्या फटीतून निसटून जाऊ शके. म्हणून त्याच्या नोंदींना युरोपीय ईआरएस उपग्रहांच्या नोंदींची जोड दिली गेली. एकाच्या वाटांमधली जागा दुसऱ्याच्या वाटांनी भरली आणि भोवरे नकाशावर गोल दिसू लागले.

मग मोजदाद सुरू झाली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाचे डडली चेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षांच्या नोंदी चाळून २०११ साली निष्कर्ष मांडले. सोळा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेले भोवरे त्यांना जवळपास छत्तीस हजार सापडले. त्यांचे सरासरी आयुष्य बत्तीस आठवडे, सरासरी त्रिज्या नव्वद किलोमीटर, आणि फुगवटा किंवा खळगा सरासरी आठ सेंटिमीटर. आपल्या हयातीत असा भोवरा सरासरी साडेपाचशे किलोमीटर प्रवास करतो, आणि जोरदार प्रवाहाने ओढून नेले नाही तर तो जवळजवळ नेहमी पश्चिमेकडे सरकतो. जगाच्या सगळ्या महासागरांत एकच दिशा! गोल पृथ्वीवर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे कोरिऑलिसचे वळण कमी-जास्त असते, त्याचा हा परिणाम.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी या प्रवासाचे मोठे उदाहरण दिसते. हिंदी महासागरातून खाली जाणारा अगुल्हास प्रवाह तिथे एकदम मागे वळतो, आणि वळताना त्याचे वेटोळे तुटून दोनशे-तीनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे सुटतात. आपल्या महासागराचे उबदार, खारट पाणी पोटात घेऊन ते दक्षिण अटलांटिक ओलांडायला निघतात. तो प्रवास दोन-तीन वर्षांचा असतो. एका महासागराची उष्णता दुसऱ्या महासागराला पोचवणारे हे टपालच म्हणा ना.

मंडळी, आता मुद्द्याची गोष्ट. फुगवट्याच्या पोटात बहुधा गरम पाणी असते. गरम झालेली वस्तू प्रसरण पावते हे आपण शाळेत शिकलो. समुद्राचा शंभर मीटर जाडीचा थर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा चार अंशांनी जास्त गरम असेल, तर तो सुमारे बारा सेंटिमीटर जास्त उंच उभा राहतो. म्हणून वरून दिसणारी उंची आत साठलेल्या उष्णतेची खूण ठरते. नुसत्या पृष्ठभागाच्या तापमानावरून हे कळत नाही. उपग्रहावरचे तापमापक पाण्याची वरची कातडी पाहतात. उन्हाळ्यात सगळा समुद्र वरून सारखाच तापलेला असतो. ती ऊब दहा मीटरच आहे की शंभर मीटर, हे कातडी सांगत नाही, उंची सांगते.

याचा संबंध चक्रीवादळाशी आहे. गरम पाण्याची वाफ हे वादळाचे इंधन. पण वादळ समुद्रावरून जाताना पाणी घुसळते आणि खालचे थंड पाणी वर आणते, म्हणजे स्वतःची चूल स्वतःच विझवते. वरचा गरम थर पातळ असेल तर हे लवकर होते आणि वादळाचा जोर ओसरतो. थर जाड असेल तर कितीही घुसळले तरी वर गरमच पाणी येते. पहिला थर म्हणजे पातळ चादर, दुसरा म्हणजे जाड गोधडी. चादर फाटायला वेळ लागत नाही. गोधडी फाटता फाटत नाही, आणि वादळाला हवी तेवढी ऊब पुरवत राहते.

ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत हेच घडले. कतरिना हे वादळ फ्लोरिडा ओलांडून मेक्सिकोच्या आखातात शिरले. वरून पाहिले तर सगळे आखात सारखेच गरम होते. पण अल्टिमीटरच्या नकाशात मध्येच एक फुगवटा दिसत होता. कॅरिबियन समुद्रातून येणारा 'लूप' नावाचा उबदार प्रवाह आणि त्यातून सुटू पाहणारा भोवरा, असा तो जाड गोधडीचा प्रदेश. कतरिना नेमकी त्यावरून गेली. २८ ऑगस्टला तिचे वारे ताशी २८० किलोमीटरवर पोचले आणि ती सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीत गेली. किनाऱ्याला लागेपर्यंत तिचा जोर थोडा उतरला होता, तरी तिने उठवलेल्या पाण्याने न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फोडले आणि हजारावर माणसे गेली. पुढच्याच महिन्यात रिटा हे वादळही त्याच उबदार प्रदेशावरून जाताना पाचव्या श्रेणीला पोचले. वादळ भोवऱ्यामुळे जन्माला आले, असे कोणी म्हणत नाही. वाऱ्याची घडण, हवेतला ओलावा अशी इतर कारणेही असतात. पण वाटेत चादर आहे की गोधडी, हे आधी कळले तर वादळ किती बळावेल याचा अंदाज सुधारतो. वादळ कुठे जाईल हे सांगणे आता बरेच जमते. ते अचानक किती बळावेल हे सांगणे अजूनही अवघड आहे, आणि माणसे फसतात ती तिथेच.

आपल्या बंगालच्या उपसागरातही हेच गणित लागू पडते. भारतीय शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या वादळाचा माग अल्टिमीटरच्या नकाशावर ठेवून पाहिला, तेव्हा गरम भोवऱ्यावर वादळ बळावते आणि थंड भोवऱ्यावर मंदावते असे दिसले. आता भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाबद्दल जी तपशीलवार पत्रके काढतो, त्यांत वाटेवरच्या समुद्राच्या उष्णतासाठ्याचा आकडा दिलेला असतो. पाण्यात २६ अंश सेल्सिअसची पातळी किती खोल आहे, तिथपर्यंतची जास्तीची उष्णता म्हणजे हा साठा. तो काढताना समुद्राची उंची कामी येते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर जात उत्तरेकडे बळावत गेले. बॉम्बे हाय परिसरात पी-३०५ हे बार्ज बुडाले आणि कित्येक कामगारांना जलसमाधी मिळाली. अरबी समुद्र तुलनेने शांत, ही आपली जुनी समजूत आता बाजूला ठेवायला हवी.

अरबी समुद्राला स्वतःचे मोठे भोवरेही आहेत. त्यातला सगळ्यांत प्रचंड सोमालियाच्या किनाऱ्याजवळ दर पावसाळ्यात उभा राहतो. त्याचे नावच 'ग्रेट व्हर्ल', महाभोवरा. रुंदी तीनशे ते पाचशे किलोमीटर, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राएवढा पसारा. बहुतेक भोवरे जहाजाला जाणवत नाहीत असे वर म्हटले, त्याला हा अपवाद. याच्या काठावर पाणी ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने धावते. १८६६ साली अलेक्झांडर फिंडले यांनी हिंदी महासागराच्या नौकानयनाची मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात खलाशांना त्याचा इशारा दिला होता. त्याच्याही आधी चारशे वर्षांपूर्वी अरब नावाडी इब्न माजिद याने या समुद्राच्या वाऱ्यांचे आणि वाटांचे शास्त्र लिहून ठेवले. त्यातला बराच भाग पद्यात आहे, कारण पद्य पाठ होते आणि वादळात पोथी उघडायला सवड नसते. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे, याला त्यांचा शब्द 'मौसिम'. आपला मोसम आणि इंग्रजांचा मान्सून त्यातूनच आले. आपला नाखवा हा शब्दही फारसी नाखुदाचा, म्हणजे नावेच्या धन्याचा, वंशज. वाऱ्याचे ज्ञान या माणसांकडे पिढ्यान् पिढ्या होते. पाण्याची उंची मात्र त्यांना दिसणे शक्य नव्हते.

अल्टिमीटरने या महाभोवऱ्याबद्दल एक वेगळीच गोष्ट उघड केली. नैर्ऋत्य मोसमी वारे त्याला फिरवतात, असा समज होता. जवळपास दोन दशकांच्या नोंदी पाहिल्यावर दिसले, की तो एप्रिलच्या सुमारास, म्हणजे ते वारे सुरू होण्यापूर्वीच आकार घेऊ लागतो. पूर्वेकडून पाण्यात सरकत आलेल्या संथ, लांबलचक लाटा त्याला सुरुवात करून देतात. पुढे वारे त्याला बळ देतात, आणि वारे पडल्यावरही तो काही आठवडे फिरत राहतो.

दुसरा पाहुणा आपल्या जास्त जवळचा, लक्षद्वीपचा. हिवाळ्यात लक्षद्वीपच्या आसपासचे पाणी शेकडो किलोमीटरच्या टापूत फुगते आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू पश्चिमेकडे सरकते. पावसाळ्यात त्याच जागी उलट खळगा पडतो. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ साली याचा उलगडा केला. या फुगवट्याची मुळे केवळ लक्षद्वीपच्या वाऱ्यात नाहीत. बंगालच्या उपसागरात आणि श्रीलंकेच्या बाजूला वारे बदलतात, त्याची खबर भारताच्या किनाऱ्याला बिलगून चालणाऱ्या लाटांमधून फिरून पश्चिम किनाऱ्यावर येते, आणि तिथून खोल समुद्रात पसरते. म्हणजे पूर्वेच्या दाराशी कोणी हाक मारावी आणि पश्चिमेच्या अंगणात पाणी हलावे. मान्सून येण्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत याच आग्नेय भागात अरबी समुद्रातले सर्वांत गरम पाणी साठलेले असते. मान्सूनच्या आगमनाच्या सुमारास कधी कधी तिथेच चक्रीय वारे जन्म घेतात. म्हणून या फुगवट्यावर नजर ठेवण्यात आपला थेट स्वार्थ आहे.

खळग्याच्या भोवऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे खोलवरचे थंड पाणी वर येते आणि बरोबर खतासारखी पोषकद्रव्ये आणते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर बारीक जीव, आणि त्यांच्यामागे मासे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे याची माहिती मच्छीमारांना देते. ती मुख्यतः पाण्याचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य पाहून. पण ते थंड, हिरवे पट्टे समुद्रात कुठे आणि का उमटतात याचे उत्तर पुष्कळदा भोवऱ्यांतच असते.

भारताचा या कामात स्वतःचाही वाटा आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोच्या पीएसएलव्ही यानाने 'सरल' हा उपग्रह सोडला. उपग्रह भारताचा, त्यावरचा अल्टिमीटर फ्रान्सचा. जुन्या अल्टिमीटरांपेक्षा जास्त बारीक लहरी वापरल्यामुळे त्याला किनाऱ्याच्या अधिक जवळचे पाणी मोजता येई. दोषही त्याच गुणातला : बारीक लहरींना पाऊस अडवतो. पाच वर्षांसाठी सोडलेला हा उपग्रह त्याहून बराच जास्त काळ कामाला आला.

तरीही डिसेंबर २०२२ पर्यंतचे अल्टिमीटर आपल्या पायाखालची एकच रेघ पाहत असत. त्या महिन्यात अमेरिका आणि फ्रान्स यांनी स्वॉट हा उपग्रह सोडला. त्याच्या दहा मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. दोन डोळ्यांनी पाहिले की खोली कळते, त्याच तत्त्वाने तो एका फेरीत सुमारे १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो, मध्यभागी एक अरुंद फट सोडून. रेघेच्या जागी आता चित्र मिळू लागले आहे. त्यात दहा-वीस किलोमीटरचे छोटे भोवरेही दिसतात. पूर्वीच्या नकाशांत त्यांची जागा कोरी होती.

हे सगळे ऐकताना वाटेल, की एकदा उपग्रह वर गेला की काम झाले. तसे नाही. मुलाच्या उंचीच्या खुणांना अर्थ येतो तो चौकट तीच राहिली तर. टोपेक्स-पोसायडन थकण्यापूर्वी २००१ मध्ये जेसन-१ गेला, मग २००८ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा, २०२० मध्ये सेंटिनेल-६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा जुळा भाऊ. दरवेळी नवा उपग्रह जुन्याच्या मागोमाग, त्याच वाटेने काही महिने चालवतात. दोघांनी एकच पाणी मोजून एकच उत्तर दिले, तरच जुना निवृत्त होतो. या अखंड साखळीमुळेच, १९९३ पासून जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे दहा सेंटिमीटरने वाढली, हे आज ठामपणे सांगता येते. मधली एक कडी निखळली असती तर त्या दहा सेंटिमीटरवर वाद घालत बसावे लागले असते.

आणि आकाशातले हे डोळे एकटे पुरेसेही नाहीत. ते उंची सांगतात, उष्णतेचा अंदाज देतात. प्रत्यक्ष पाण्यात उतरून तापमान मोजणारे तरंगते मापक आणि जहाजे यांच्याशी तो अंदाज पडताळावा लागतो. मग तो आकडा संगणकात जातो, हवामान विभागाच्या पत्रकात येतो, पत्रकातून बंदरावर आणि आकाशवाणीवर. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन कोळी बांधव होड्या पाण्यात लोटतात. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वादळांचा हंगाम पुढेच असतो. खोल समुद्रात गेलेल्या होडीला परत यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून 'वादळ येत आहे' एवढे सांगून भागत नाही. ते किती बळावणार, हेही त्या एक-दोन दिवसांच्या आधी सांगावे लागते. त्या सांगण्यामागे अनेक आकडे असतात. भर समुद्रात कुठेतरी पाणी वीतभर फुगले आहे, हा त्यातला एक. तो वेळेवर पोचला आणि नाखव्याने त्यावर विश्वास ठेवून सुकाणू घराकडे वळवले, तर हे सगळे मोजमाप सार्थकी लागले असे म्हणता येईल.